त्रिरश्मी डोंगर: नाशिकच्या पांडवलेण्यांचा इतिहास आणि दंतकथा

गोदातीर (धागाकर्ता)

नमस्कार. नाशिकच्या प्राचीनतेविषयी बोलताना आपण पंचवटी, काळाराम, रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर यांच्याभोवतीच फिरत राहतो. शहराच्या नैर्ऋत्येला, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून असलेल्या तीन शिखरांच्या डोंगराकडे आपण ‘पांडवलेणी’ म्हणून बघतो, पायऱ्या चढतो, वरून शहर पाहतो आणि उतरतो. वस्तुतः नाशिकचा सर्वांत जुना, लेखी आणि आजही जागेवर असलेला इतिहास या डोंगरावर आहे. तो दोन हजार वर्षे उघड्यावर असूनही नाशिककरांच्या बोलण्यात फारसा येत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. म्हणून हा धागा.

शिलालेखांत या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ असे येते. उषवदाताच्या संस्कृतमिश्रित लेखात तेच ‘त्रिरश्मि’ होते. पांडवांचे नाव कोणत्याही लेखात डोंगराला दिलेले नाही. मात्र लेण्यांतील एका लेखात भीम आणि अर्जुन प्रत्यक्ष आलेले आहेत, त्याकडे मी पुढे येतो.

नाशिक हे नाव तर त्याआधीपासून आढळते. मध्य भारतातल्या भारहूत स्तूपाच्या कठड्याचा एक खांब नाशिकच्या गोरखिता नावाच्या स्त्रीने दान दिला होता आणि तसा लेख त्यावर आहे. म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास नाशिकची एक गृहिणी शेकडो कोस दूरच्या स्तूपाला खांब देत होती. त्रिरश्मीवरचे सर्वांत जुने लेणे एकोणिसाव्या क्रमांकाचे आहे. सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळात नाशिकच्या एका श्रमण-महामात्राने (भिक्षूंच्या कारभारावरील अधिकाऱ्याने) ते करविले, एवढीच त्या लेखातली माहिती. सहा छोट्या खोल्या, मधे छोटा चौक आणि जाळीच्या दगडी खिडक्या असे हे साधे लेणे शेजारच्या भव्य विहारांमुळे झाकले जाते, परंतु सातवाहनांचे नाव ज्या अगदी आरंभीच्या लेखांत मिळते त्यांपैकी हा एक आहे.

पुढच्या काही शतकांत डोंगराच्या उत्तरेकडील कड्यात एकूण चोवीस लेणी कोरली गेली. त्यांतली दोन लेणी एकमेकांशी जणू वाद घालत उभी आहेत. दहावे लेणे क्षहरात वंशातील शक क्षत्रप (राज्यकर्ता) नहपान याचा जावई उषवदात याने करविले आणि तिसरे लेणे नहपानाचा उच्छेद करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने दान दिले. दोन्हींचा आराखडा जवळजवळ सारखा आहे: मोठे चौकोनी सभागृह, तिन्ही बाजूंनी भिक्षूंच्या खोल्या, मागच्या भिंतीवर स्तूपाचे उठावशिल्प आणि समोर खांबांची ओसरी. उषवदाताच्या लेण्यात सोळा खोल्या आहेत आणि बलश्रीच्या लेण्यात अठरा. पराभूत घराण्याचे लेणे विजेत्यांनी फोडले नाही. त्याच डोंगरावर, त्याच संघासाठी त्यांनी त्याहून मोठे लेणे दिले.

उषवदाताचा लेख दहाव्या लेण्याच्या ओसरीत छताखाली कोरलेला आहे आणि तो वाचताना त्या काळचा पश्चिम भारत नकाशासारखा उलगडत जातो. तीन लाख गायी दान देणारा, बार्णासा नदीवर सुवर्णदान करून घाट बांधणारा, देवब्राह्मणांना सोळा गावे देणारा, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन (नाशिकजवळचे तेव्हाचे ठाणे) आणि शूर्पारक येथे धर्मशाळा, बागा, तळी व विहिरी करविणारा अशी त्याची ओळख तिथे येते. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर त्याने नावा ठेवून उतारूंना फुकट पार जाण्याची सोय केली. त्यानंतर ‘गोवर्धनात त्रिरश्मी पर्वतावर हे लेणे आणि या पोढी करविल्या’ हे वाक्य येते; पोढी म्हणजे खडकात खोदलेली पाण्याची टाकी. मालयांनी वेढलेल्या उत्तमभद्रांना सोडविण्यासाठी आपण पावसाळ्यात निघालो, मालय नुसत्या आरोळीनेच पळाले आणि मग पुष्कर तीर्थात स्नान करून तीन हजार गायी व एक गाव दान दिले, असेही तो सांगतो.

मला स्वतःला यापेक्षाही त्याचा दुसरा, बेचाळिसाव्या वर्षाचा लेख अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात डोंगर कशावर जगत होता ते कळते. उषवदाताने संघासाठी ३,००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) ‘अक्षयनीवि’, म्हणजे मुद्दल कधीही न मोडणारी ठेव, गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवली. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण शेकडा एक दराने आणि दुसरीकडे १,००० कार्षापण शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी (वस्त्रासाठी) द्यावेत, असे लेख सांगतो. दर महिन्याचा धरला तर २,००० वर वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते आणि वीस भिक्षूंचे बारा-बारा धरले तर तेही बरोबर २४० होतात. हा सर्व व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला गेला, असेही त्यात म्हटले आहे.

वर ध्यान करणारे भिक्षू आणि खाली माग चालवणारे विणकर यांचा असा हिशेबी संबंध होता. तो संबंध तुटला, लेण्यांतले वास्तव्य संपले, ब्राह्मी अक्षरे वाचणारा कोणी उरला नाही आणि त्यानंतर डोंगराला पांडव मिळाले, असे माझे मत आहे. अक्षरे मुकी झाली तरी एवढे मोठे काम पाहून ‘हे कोणी केले असेल?’ हा प्रश्न माणसाच्या मनात येणारच, आणि दंतकथा हे त्या प्रश्नाचे त्या त्या काळातले प्रामाणिक उत्तर असते. आपल्याला काय वाटते, ते जरूर लिहावे. विशेषतः पांडवांच्या कथेची जुनी रूपे कोणाला घरातून ऐकून ठाऊक असतील तर ती हवी आहेत.

पाथर्डीफाटा

धागा अतिशय आवडला. मी याच डोंगराच्या छायेत वाढलो. आमच्याकडे वडीलधारी मंडळी सांगत ती कथा अशी: वनवासात असताना पांडव गोदाकाठी आले, त्यांना रात्रीपुरता निवारा हवा होता, भीमाने एका रात्रीत डोंगर पोखरला आणि कोंबडा आरवल्यावर काम जेथे होते तेथे थांबले. म्हणूनच काही लेणी अर्धवट आहेत, असे आजी सांगायची. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखाली खांद्यावर तुळया पेलणारे जे सहा धष्टपुष्ट पुरुष जमिनीतून अर्धे वर आलेले दिसतात, ते भीमाने धरून आणलेले राक्षस आहेत, असेही ती सांगे. मूर्तीसमोर आली की ती ‘धर्मराजा’ म्हणून हात जोडत असे. त्या मूर्ती बुद्धाच्या आहेत हे मला शाळेत गेल्यावर कळले, पण आजीचा नमस्कार मला कधीच चुकीचा वाटला नाही.

लिपीवाचक

धागाकर्त्यांचे मनःपूर्वक आभार. पाथर्डीफाटा यांनी उल्लेखिलेले सहा पुरुष म्हणजे यक्ष किंवा गण आहेत. लेण्याची सबंध ओसरी तुळयांवर आहे आणि त्या तुळया हे गण खांद्यावर पेलत आहेत, अशी ती कल्पना आहे. सगळे लेणेच विमानासारखे उचलून धरल्याचा भास त्यातून निर्माण केला आहे. ही माझी केवळ कल्पना नाही, कारण बलश्रीच्या लेखात या लेण्याचे वर्णन उत्तम विमानाच्या तोडीचे वैभव असलेले असे केले आहे. शिल्पी आणि लेखाचा रचनाकार यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होते, असे मानायला जागा आहे.

बलश्रीचा तो लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षाचा, ग्रीष्माच्या दुसऱ्या पक्षातील तेराव्या दिवसाचा आहे. मुलगा जाऊन बरीच वर्षे झाली आहेत, नातू गादीवर आहे आणि ‘महाराजमाता’ व ‘महाराजपितामही’ अशा दोन्ही पदव्या धारण करणारी आई मुलाचे गुण सांगत आहे. असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ आणि आकरावन्ति या देशांचा राजा. ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले तो. शक, यवन आणि पह्लव यांचा निर्दालक. खखरात, म्हणजे नहपानाच्या क्षहरात, वंशाचा निःशेष उच्छेद करणारा. सातवाहन कुळाचे यश पुन्हा स्थापणारा. त्यातच ‘आईची अखंड शुश्रूषा करणारा’ हा गुणही येतो आणि तो राजकीय विशेषणांच्या गर्दीत हरवू नये असे मला नेहमी वाटते.

आता धागाकर्त्यांनी राखून ठेवलेला मुद्दा. याच लेखात गौतमीपुत्राचा पराक्रम ‘राम-केसवाजुन-भीमसेन-तुल’, म्हणजे राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्या तोडीचा म्हटला आहे. नंतरच्या लोकांनी लेख वाचून पांडवांची कथा रचली असे मी म्हणत नाही, कारण तोवर लिपी विसरली गेली होती. परंतु भीम आणि अर्जुन यांची नावे या डोंगरावर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून दगडात आहेत, ही वस्तुस्थिती आहे. बलश्री स्वतः जो डोंगर पाहत होती तोही तिला नुसता डोंगर वाटत नव्हता. तिरण्हूच्या शिखराला तिने ‘कैलास पर्वताच्या शिखरासारखे’ म्हटले आहे.

अपरान्त

वसईहून लिहीत आहे. उषवदाताच्या लेखाचे महत्त्व आमच्या भागाला फार आहे, म्हणून थोडी भर घालतो. शूर्पारक म्हणजे आमचे सोपारे. दाहानुका म्हणजे डहाणूची नदी, दमण म्हणजे दमणगंगा आणि पारादा म्हणजे पार नदी, अशी ओळख अभ्यासकांनी पटवली आहे. नानंगोल गावातली ३२,००० नारळांची रोपे त्याने दिली आणि ती ज्यांना दिली त्या परिव्राजकांमध्ये शूर्पारकातील रामतीर्थाचे लोकही होते. बेचाळिसाव्या वर्षाच्या लेखात चिखलपद्र गावची आणखी ८,००० रोपे आहेत. घाटावरच्या डोंगरात बसून कोकणातल्या नारळाचा हिशेब कोरला जातो, यावरून नाशिक आणि किनारा यांचा संबंध किती घट्ट होता ते दिसते. घाटातून सोपाऱ्याला उतरणारा माल आणि बंदरातून वर चढणारा पैसा याच वाटेवर होता.

आणखी एक गोष्ट. महाभारताच्या वनपर्वातील तीर्थयात्रेत युधिष्ठिर भावांसह गोदावरीवरून दक्षिणेकडे जातो आणि पुढे शूर्पारक व प्रभास येथे पोहोचतो. उषवदाताच्या दानांच्या यादीतही शूर्पारक आणि प्रभास ही दोन्ही तीर्थे आहेत. म्हणजे पांडव या वाटेने गेले, ही धारणा काही हवेतून आलेली नाही. ग्रंथाने पांडवांना गोदावरीवर आणले, आणि लोकांनी त्यांना राहायला डोंगर दिला.

गोदातीर (धागाकर्ता)

अपरान्त यांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याला जोड म्हणून सांगतो की चौदाव्या शतकातील जैन आचार्य जिनप्रभसूरी यांनी नाशिकचे जे तीर्थवर्णन लिहिले आहे, त्यात चंद्रप्रभस्वामींच्या मंदिराबरोबर ‘कुंतीविहार’ हे नाव येते. म्हणजे पांडवांच्या आईचे नाव नाशिकशी निदान सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच जोडले गेलेले होते, आणि तेही जैन परंपरेत. त्रिरश्मीवरही अकराव्या लेण्यात ऋषभनाथ आणि अंबिका यांच्या मूर्ती आहेत. डोंगर बौद्धांचा, कथा महाभारताची आणि मध्ये काही काळ जैनांची उपासना, असा हा क्रम आहे. कथा कोणा एकाने रचली आणि दुसऱ्याचा ठेवा झाकला असे सरळसोट उत्तर येथे लागू पडत नाही.

लिपीवाचक यांनी आईचा लेख सांगितला, तर त्याच लेण्यातील मुलाचे दोन आदेश मी सांगतो, कारण राज्यकारभाराचा इतका जिवंत तुकडा मला दुसरीकडे क्वचितच दिसला आहे. अठराव्या वर्षी गौतमीपुत्र वैजयंतीच्या विजयी छावणीतून गोवर्धनचा अमात्य विण्हुपालित याला आज्ञा पाठवतो की, अपरकखडी गावातले, उषवदाताने उपभोगलेले २०० निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) शेत तिरण्हूवरच्या भिक्षूंना द्यावे. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, अशा सवलतीही देतो. नहपानाच्या पराभवाला बहुधा फार काळ लोटलेला नाही. विजेता छावणीतून पहिल्या कामांपैकी एक म्हणून शत्रूच्या जावयाचे शेत संघाला देतो.

सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, दुसरा आदेश निघतो. तो राजा आणि राजमाता या दोघांच्या वतीने, अमात्य सामक याच्या नावे आहे. त्यातले वाक्य असे: ‘तं च खेतं न कसते, सो च गामो न वसति.’ ते शेत कसले जात नाही आणि ते गाव वसलेले नाही, म्हणून नगराच्या हद्दीवरच्या राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने या भिक्षूंना द्यावीत. युद्धात गाव ओस पडले असावे, असे मला वाटते. भिक्षूंनी तक्रार नेली असेल, ती राजमातेपर्यंत पोहोचली असेल, आणि दान कागदोपत्री राहू नये म्हणून ते बदलून दिले गेले. पुढे पुळुमावीच्या बाविसाव्या वर्षीही असाच बदल झाला, सुदसण गाव परत घेऊन त्याऐवजी सामलिपद गाव देण्यात आले. दान दिल्यावर ते पोहोचते की नाही याची एवढी काळजी घेणारा कारभार होता, हे आपल्याला या डोंगरामुळे कळते.

तीर्थवाट

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु एक प्रश्न थोड्या कळकळीने विचारतो. इतके स्पष्ट लेख असताना आपण अजूनही ‘पांडवलेणी’ का म्हणावे? शासकीय फलकांवर, रिक्षात, बसथांब्यावर हेच नाव आहे. भिक्षुसंघाचे सहाशे वर्षांचे वास्तव्य या नावामुळे पुसले जाते, असे मला वाटते. दहाव्या लेण्याच्या मागच्या भिंतीवरील स्तूप तासून त्यात भैरवाची मूर्ती कोरली गेली आहे; दोन्ही बाजूंच्या स्त्रिया आणि वरची छत्रे मात्र मूळची राहिली आहेत. नावाच्या बाबतीतही असेच घडले नाही का?

लिपीवाचक

तीर्थवाट यांची भावना रास्त आहे. स्तूपाचा भैरव झाला, हे खरे आहे आणि ते सांगितले गेलेच पाहिजे. तरीही मी नावाच्या बाबतीत थोडा वेगळा विचार करतो. लेणी ओस पडल्यानंतर अनेक शतके ती टिकली, ती येथे कोणीतरी पवित्र राहते अशी परिसरातील लोकांची श्रद्धा होती म्हणूनही टिकली असावीत. जेथे अशी श्रद्धा नव्हती तेथे दगड फोडून नेले गेले आणि गुरे बांधली गेली, हे आपण सह्याद्रीत इतरत्र पाहतो.

नाव बदलण्यापेक्षा लेख वाचता येणे हे अधिक तातडीचे काम आहे. इंग्रजी अमदानीत कॅप्टन डेलामेन यांनी १८२३ मध्ये ही लेणी पाहून नोंदवली, तेव्हा लेखांतले एक अक्षरही कोणाला कळत नव्हते. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ च्या सुमारास ब्राह्मीचा उलगडा केला, त्यानंतर हे दगड बोलू लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी नाशिकच्या लेखांवरील निबंध १८७४ च्या लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी लिहिला, पंडित भगवानलाल इंद्रजी यांची वाचने १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये आली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच पंडित सेनार यांनी सर्व लेखांची एकत्र आवृत्ती केली. म्हणजे वाचन होऊन दीडशे वर्षे होत आली. तरीही डोंगरावर गेलेल्या सामान्य मराठी माणसाला बलश्रीची वाक्ये मराठीत, त्याच भिंतीपाशी उभे राहून, पूर्ण वाचता येत नाहीत.

पाथर्डीफाटा

लिपीवाचक यांच्याशी पूर्ण सहमत. तीर्थवाट यांना एवढेच सांगेन की आमच्या पंचक्रोशीत दोन्ही नावे चालतात. डोंगराच्या पायथ्याशी बुद्धविहार आहे, तेथे येणारी मंडळी ‘त्रिरश्मी लेणी’ म्हणतात. शेजारीच दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे, तेथे सहलीला येणारे ‘पांडवलेणी’ म्हणतात. बुद्धपौर्णिमेला विहारात येणाऱ्यांना आणि श्रावणात डोंगर चढणाऱ्यांना एकमेकांची अडचण झालेली मी पाहिलेली नाही.

माझा एक प्रश्न आहे. राजे-राण्यांखेरीज इतर माणसांची नावे या लेखांत आहेत का?

गोदातीर (धागाकर्ता)

आहेत, आणि माझ्या दृष्टीने तीच डोंगराची खरी शोभा आहे. अठराव्या क्रमांकाचे लेणे, म्हणजे येथले एकमेव चैत्यगृह (स्तूप असलेले पूजागृह), त्याच्या दारावरील लेख वाचा: ‘नासिककानं धंभिकगामस दानं.’ नाशिककरांच्या धंभिक गावाने मिळून ते दर्शनी काम दिले आहे. तेच चैत्यगृह पूर्ण करविले भटपालिका नावाच्या स्त्रीने, जी राजाच्या एका अधिकाऱ्याची मुलगी आणि दुसऱ्या, भांडारावरच्या अधिकाऱ्याची पत्नी होती. गावाने आरंभ करावा आणि घरातल्या बाईने शेवटास न्यावे, असे ते काम आहे.

सहाव्या लेण्यात वीर नावाचा व्यापारी आहे. त्याने चार खोल्यांचे लेणे दिले, त्यांतली एक खोली पत्नी नंदसिरीच्या नावे आणि एक मुलगी पुरिसदत्ता हिच्या नावे. सबंध कुटुंब एका भिंतीवर नोंदलेले आहे. आठव्या लेण्यात मुगूदास आपल्या परिवारासह येतो. त्याला लेखात ‘दासक’ म्हटले आहे आणि अभ्यासक त्याचा अर्थ कोळी असा करतात. अकराव्या लेण्यात शिवमित्र नावाच्या लेखकाचा मुलगा रामणक आहे. दहाव्या लेण्यात नहपानाची मुलगी आणि उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने एक खोली स्वतःच्या नावाने दिली आहे. सतराव्या लेण्यात तर उत्तरेकडच्या दात्तामित्री नगरीतला यवन, धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त आहे. नाव पाहा: बाप धर्मदेव, मुलगा धर्मरक्षित, स्वतः इंद्र आणि अग्नी या दोन वैदिक देवांच्या नावाचा, आणि ओळख यवन म्हणून. आईवडिलांच्या स्मरणार्थ लेणे, आतले चैत्यगृह आणि पोढी करविल्याचे तो सांगतो. पाथर्डीफाटा यांच्या आजी म्हणत त्याप्रमाणे अर्धवट राहिलेल्या जागा शोधायच्या तर त्याचे हे आतले चैत्यगृह पाहावे. लेखात ते झाले आहे, खडकात ते पुरे झालेले नाही.

अपरान्त

यात मी सातवाहनांनंतरच्या आभीर राजांच्या काळातला लेख जोडतो. शिवदत्ताचा मुलगा राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षी, शक अग्निवर्म्याची मुलगी उपासिका विष्णुदत्ता हिने गोवर्धनातल्या श्रेणींकडे ठेव ठेवली. त्या श्रेणींमध्ये तेल गाळणारे आहेत आणि पाण्याची यंत्रे करणारे ‘ओदयंत्रिक’ आहेत. ठेवीच्या व्याजातून आजारी भिक्षूंना औषध द्यायचे होते. उषवदाताने कापडाची सोय केली त्याला तोवर शे-दीडशे वर्षे झाली होती. राज्य क्षत्रपांकडून सातवाहनांकडे आणि तेथून आभीरांकडे गेले, परंतु गोवर्धनच्या श्रेणींवरचा लोकांचा विश्वास कायम राहिला. पैसे ठेवायचे तर यांच्याकडेच, असे तीन राजवटींना वाटत होते.

तीर्थवाट

सर्वांचे आभार. माझा आग्रह आता नावापेक्षा लेखांच्या मराठी फलकांकडे वळला आहे. नाण्यांचा पुरावा कोणी मांडला नाही म्हणून मी मांडतो. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी होती आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. ‘खखरात वंश निःशेष केला’ हे आईचे वाक्य आणि शत्रूच्या चेहऱ्यावर उमटलेला मुलाचा छाप, हे दोन्ही पुरावे एकाच जिल्ह्यात मिळावेत हे विलक्षण आहे.

या डोंगरावर पहिल्यांदा जाणाऱ्याने कोणत्या क्रमाने पाहावे, हे धागाकर्त्यांनी सांगितले तर नव्या वाचकांना उपयोग होईल.

गोदातीर (धागाकर्ता)

लेणी उत्तराभिमुख असल्यामुळे थेट ऊन फारसे आत येत नाही, म्हणून कोरीव अक्षरे दिसण्यासाठी तिरका प्रकाश पाडणारी छोटी विजेरी जवळ ठेवावी. भिंतीला हात लावू नये, अक्षरांवर खडू किंवा पाणी मुळीच लावू नये. अशाने झालेले नुकसान काही ठिकाणी दिसते आणि ते पाहून जीव कळवळतो.

प्रथम एकोणिसावे लेणे पाहावे, म्हणजे आरंभ किती साधा होता ते कळते. तेथून शेजारचे अठरावे चैत्यगृह पाहावे आणि दारावरचा धंभिक गावाचा लेख शोधावा. मग दहाव्या लेण्यात जाऊन ओसरीतले घंटाकृती स्तंभशीर्ष नीट निरखावेत आणि ते डोळ्यांत असतानाच तिसऱ्या लेण्यात यावे. तिसऱ्यातले काम मोठे आहे, परंतु स्तंभशीर्षांची घडण दहाव्याइतकी सफाईदार नाही; या फरकावरून लेण्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत बराच वाद झालेला आहे. तिसऱ्या लेण्याचे कोरीव दार सांचीच्या तोरणासारखे आहे, ते पाहताना मान वर करून त्याच भिंतीवर बलश्रीचा लेख पाहावा. शेवटी विसाव्या लेण्यात जावे. तेथे यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिने अर्धवट राहिलेले काम पुरे करविल्याचा लेख आहे, आणि आत नंतरच्या, महायान काळातली भव्य बुद्धमूर्ती आहे. एका बाईने पुरे केलेले हे येथले दुसरे लेणे, पहिले भटपालिकेचे चैत्यगृह.

बलश्रीच्या लेखाचा संपूर्ण मराठी अनुवाद मी पुढच्या प्रतिसादात ओळीओळीने देण्यास आरंभ करतो. लिपीवाचक यांनी मूळ प्राकृत पाठ तपासून द्यावा आणि अपरान्त यांनी देशनामांच्या टिपा कराव्यात, अशी विनंती आहे. पाथर्डीफाटा यांनी आजींच्या कथा शक्य तितक्या त्यांच्याच शब्दांत येथे लिहाव्यात; त्याही याच डोंगराच्या आहेत.